नव्यासारखं दिसणारं जुनं घड्याळ घ्यावं का?

पत्राचा गोषवारा: आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, 1976 साली लग्नात बाबांना फेवर ल्युबाचं ‘सी चीफ’ घड्याळ दिलं होतं. मी इंजिनीअरिंगला गेले त्या वर्षी ते घरातून गेलं. फीसाठी विकलं, असं आई म्हणते. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आता त्यांची पंचाहत्तरी आहे आणि तसंच घड्याळ त्यांना न सांगता द्यायचं माझ्या मनात आहे. ऑनलाइन दोन सापडली. पहिलं साडेचार हजारांना आहे. गडद निळी तबकडी, अगदी नव्यासारखं; विक्रेता म्हणतो, “ओरिजिनल, फुल सर्व्हिसिंग केलेलं.” दुसरं नऊ हजारांना. पिवळट पडलेली चंदेरी तबकडी, काचेवर ओरखडे, चावी मूळची नाही असं विक्रेत्यानेच लिहिलंय. दादा म्हणतो, निम्म्या किमतीत नवंकोरं मिळत असताना खराब कशाला घ्यायचं? शिवाय स्विस घड्याळ आहे, किंमत वाढतच जाणार. पहिला विक्रेता म्हणतोय की आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत. आजच यूपीआय केलं तर पाचशे रुपये कमी करतो. काय करू?
— एक लेक, नाशिक

उत्तर:

ताई, आज पैसे पाठवू नका. ती दोन गिऱ्हाइकं खरी असतील तर त्यांना घेऊ द्या. त्या पद्धतीचं निळं घड्याळ तुम्हाला पुढच्या आठवड्यातही मिळेल, त्याच्या पुढच्याही. घाई करण्याजोगी वस्तू तुमच्या यादीत असलीच, तर ती दुसरी आहे.

दादांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि जुनं घड्याळ पहिल्यांदा घेणारा जवळजवळ प्रत्येक जण ती धरतो: दिसायला जितकं नवं, तितकं जपलेलं. भांडीकुंडी, फर्निचर, गाडी या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं असेल. मनगटी घड्याळाच्या तबकडीबद्दल मात्र नीट विचार करून पाहा. पितळेच्या पातळ चकतीवर रंग, त्यावर लाखेचा पारदर्शक थर, त्यावर छपाई. पन्नास वर्षांत त्या लाखेवर ऊन पडतं, घाम आणि पावसाळ्याची दमट हवा चावीच्या फटीतून आत जाते, रबरी रिंग कडक होऊन चिरते. चंदेरी तबकडी हळूहळू पिवळसर होते, कडेला बारीक ठिपके येतात, काट्यांवरचा रेडियमसारखा दिसणारा रंग तपकिरी पडतो. रोज वापरातल्या घड्याळाला यातलं काहीच झालं नाही, असं सहसा होत नाही.

अपवाद आहेत. एखाद्या जुन्या दुकानाच्या खणात न विकलेलं घड्याळ पडून राहिलेलं असतं आणि ते खरोखर कोरं निघतं. पण मग ते सगळंच कोरं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत निळी तबकडी आरशासारखी आहे, पण पट्टा जिथे अडकतो त्या कोपऱ्यांवरचा मुलामा उडून खालचं पितळ दिसतंय आणि मागच्या झाकणावरची अक्षरं घासून अर्धी झालीत. बाहेरचं शरीर पन्नास वर्षांचं आणि चेहरा कालचा. जुनं घड्याळ पारखताना मी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच मानतो: तबकडी, काटे, केस (म्हणजे बाहेरची धातूची चौकट), झाकण, मशीन या सगळ्यांचं वय एकमेकांशी जुळतं का? सगळं सारखंच थकलेलं असेल तर चांगलं लक्षण. एकच भाग तरुण असेल तर तो नंतर आलाय.

तुमच्या निळ्या घड्याळाच्या जातीला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नाव आपल्याकडचं आहे म्हणून त्यामागची गोष्ट सांगतो. फेवर ल्युबा ही 1737 चा वारसा सांगणारी स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून भारतात होती. वेस्ट एंड, रोमर, ओमेगा, टिसो ही घड्याळंही आपल्याकडे लग्नात, निवृत्तीला, पहिल्या पगाराला येत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधनं आली. बाहेरचं घड्याळ मिळणं अवघड, सुटे भाग त्याहून अवघड. मग इथल्या कारागिरांनी आहे ते चालतं ठेवलं. एका मेलेल्या घड्याळातलं बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक, दुसऱ्यात, तिसऱ्याची केस चौथ्याला, आणि डागाळलेल्या तबकडीवर हाताने नवा रंग आणि छपाई. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावून वापरात ठेवावं, तितकंच ते सरळ काम होतं. त्या कारागिरांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्यामुळे हजारो घरांतली घड्याळं चालत राहिली. पुढे इंटरनेट आलं, परदेशी गिऱ्हाईक मिळालं, आणि त्याच कौशल्यातून कंपनीने कधी काढल्याच नाहीत अशा केशरी, पोपटी, भडक निळ्या तबकड्या तयार होऊन ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. रंगकाम करण्यात खोटेपणा नाही. रंगकाम केलेल्या वस्तूला ‘ओरिजिनल’ म्हणण्यात आहे.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: “तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का?” ‘ओरिजिनल आहे का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ देणं फार सोपं असतं, कारण मशीन ओरिजिनल, केस ओरिजिनल, असं मनात धरून माणूस हो म्हणतो. तबकडीचा थेट प्रश्न टाळता येत नाही, आणि उत्तर लेखी राहतं.

उत्तर काहीही येवो, तबकडी तुम्ही स्वतः वाचायची आहे. सरळ समोरून, उजेडात काढलेला मोठा फोटो मागवा आणि तो फोनवर ताणून पाहा. कारखान्यातली छपाई जवळून पाहिली तरी तिच्या कडा तीक्ष्ण असतात. हाताने केलेल्या छपाईत अक्षरं जाड, थोडी पसरलेली, कधी एका ओळीत न बसलेली. मिनिटांच्या बारीक रेघा मोजा. त्या उठावाच्या तासखुणांच्या बरोबर मध्यातून जातात की बाजूने सरकल्यात? तासखुणांच्या बुडाशी रंग साचलाय का? सहाच्या खाली अगदी काठावर असणारं ‘स्विस मेड’ आहे का, की वर सरकलंय, की गायबच आहे? तारखेच्या खिडकीची कड स्वच्छ कापलेली दिसते की रंगाने बुजल्यासारखी? मग त्याच मॉडेलच्या आठ-दहा वेगवेगळ्या नगांचे फोटो शोधून शेजारी ठेवा. परदेशी लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या पानांवर चांगले, मोठे फोटो असतात. कंपनीचं वाळूच्या घड्याळासारखं चिन्ह, ‘सी चीफ’ या अक्षरांचं वळण, दोन ओळींतलं अंतर, हे पाच-सहा नगांत सारखं आणि तुमच्या निळ्यात वेगळं दिसलं, की आणखी पुराव्याची गरज उरत नाही.

अंधारातला फोटो दाखवून कुणी काटे कसे हिरवे चमकतात हे सांगत असेल, तर तेही उलट बाजूनेच वाचा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्विस घड्याळांत चमकण्यासाठी ट्रिशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरत. तशा तबकडीवर ‘स्विस मेड’च्या आजूबाजूला इंग्रजी ‘टी’ हे अक्षर छापलेलं असतं. ट्रिशियमची किरणोत्सारिता दर 12.3 वर्षांनी निम्मी होते. 1976 चा रंग आज मंदच असणार. लखलखीत चमकत असेल तर तो परवा-परवा भरलेला आहे. त्याहून जुन्या, पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या घड्याळांत खरंखुरं रेडियम असे. ते चमकायचं थांबलं तरी रेडियम तसंच राहतं, कारण झिजतो तो त्याच्याबरोबर मिसळलेला चमकणारा पदार्थ. असं घड्याळ हौसेने घरी उघडू नये, तबकडी खरवडू नये. तुमच्या दोन्हींना हा धोका दिसत नाही. इतर वाचकांसाठी लिहून ठेवतोय.

आता केस. पहिल्या जाहिरातीत ‘स्टेनलेस स्टील’ असं लिहिलंय आणि फोटोत मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं आहे. या दोहोंत मोठा फरक आहे. ‘स्टील बॅक’ म्हणजे फक्त झाकण स्टीलचं. पुढची केस बहुधा पितळेची, वर क्रोमचा मुलामा. मुलामा उडाला की घामाने खालचा धातू खड्डे पडत खराब होत जातो आणि तो पूर्ववत करणं खर्चाचं काम. पूर्ण स्टीलच्या केसवर ओरखडे पडतात, पण ती कुजत नाही. कडांकडेही लक्ष द्या. कारखान्यातून निघताना धारदार असलेल्या कडा वारंवार पॉलिश करून साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर धातूच निघून गेलेला आहे, तो परत येत नाही.

आणि मशीन. झाकण उघडलेला फोटो द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून मी स्वतः घेणार नाही. “उघडायला हत्यार नाही” असं सांगणाऱ्याला “मग सर्व्हिसिंग कुणी केलं?” हे विचारा. फोटोत पाहायचं ते फार अवघड नाही. मशीनच्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव किंवा चिन्ह कोरलेलं आहे का? फेवर ल्युबाने साठच्या दशकात दोन स्प्रिंग-बॅरलची (बॅरल म्हणजे चावीची स्प्रिंग ज्यात गुंडाळलेली असते ती डबी) पातळ मशीनं केली होती. ‘सी चीफ’च्या केसमध्ये भलत्याच कंपनीचं मशीन बसवलेलं निघणं ही नवलाची गोष्ट नाही. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा पाहा. चांगल्या हाताखालून गेलेल्या स्क्रूची खाच सरळ असते. फाटलेल्या, चावलेल्या खाचा म्हणजे आत बऱ्याच जणांनी बळजबरी केली आहे. तांबूस भुकटी किंवा काळसर डाग, विशेषतः चावीची दांडी आत शिरते त्या बाजूला, म्हणजे गंज. मुंबई-कोकणात राहिलेल्या घड्याळात हे फार दिसतं. गंज लागलेलं मशीन ‘चालतंय’ याला अर्थ नाही. ते आज चालतं आणि गंजाचे कण दातऱ्यांत फिरवत राहतं.

‘17 ज्वेल’ हे शब्द वाचून दादांना काही मौल्यवान मिळाल्यासारखं वाटलं असेल तर त्यांना सांगा, ते कृत्रिम माणिक आहेत. चाकांच्या आसांना घर्षण कमी व्हावं म्हणून बसवलेले. चावीच्या घड्याळाला 17 पुरेसे असतात. बाजारात त्यांची वेगळी किंमत नाही.

‘फुल सर्व्हिसिंग’ या शब्दांचा अर्थ विक्रेत्यागणिक बदलतो. मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, प्रत्येक ठिकाणी योग्य ते तेल थेंबाथेंबाने देऊन पुन्हा जोडणं हे खरं सर्व्हिसिंग. झाकण उघडून पेट्रोलचा फवारा मारणं आणि वरून तेल सोडणं यालाही काही जण तेच म्हणतात. फरक ओळखायला टाइमग्राफरचा फोटो मागा. हे घड्याळाचे ठोके ऐकणारं यंत्र बहुतेक चांगल्या घड्याळजींकडे असतं. पूर्ण चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं घड्याळ असेल तर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाक किती अंशांनी झुलतं तो आकडा, 250 च्या वर असला तर उत्तम. 200 च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग झालेलं नाही किंवा मशीन थकलेलं आहे. दिवसाला दहा-वीस सेकंद पुढेमागे होण्याचं या वयाच्या घड्याळात वाईट वाटून घेऊ नका. ते जुळवता येतं.

टाइमग्राफर नसेल तर व्हिडिओ. विक्रेत्याने कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहावी, कागद घड्याळाशेजारी ठेवावा, आणि एकाच सलग चित्रणात चावी द्यावी, वेळ फिरवावी, तारीख असेल तर ती बारा वाजता बदलते का ते दाखवावं, मग मिनिटभर सेकंदकाटा दाखवावा. त्या काळातलं यांत्रिक घड्याळ साधारण तासाला 18,000 ते 21,600 ठोके देतं, म्हणजे सेकंदकाटा सेकंदाला पाच-सहा बारीक पावलं टाकतो. सेकंदाला एकच उडी मारत असेल तर आत सेलचं मशीन आहे. कागदाची अट यासाठी की उचललेले फोटो लावून विकणारे असतात. जाहिरातीतला फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकून पाहा, आणि विक्रेत्याच्या बाकीच्या वस्तूही चाळा. तीच निळी तबकडी पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दिसली, तर कुठल्या कार्यशाळेतून माल येतोय ते कळलंच.

आता दुसऱ्या घड्याळाकडे वळतो, कारण मला ते आवडलं आहे. काचेवरचे ओरखडे दोषांच्या यादीतून काढून टाका. त्या काळची काच म्हणजे ॲक्रिलिक. घड्याळजी ती पॉलिश करून बऱ्यापैकी स्वच्छ करतो आणि नाहीच झाली तर बदलतो. मूळ चावी नसणं ही क्षुल्लक बाब आहे. चाव्या झिजतात आणि बदलल्या जातात. एखाद्या दिवशी मूळ चिन्हाची मिळालीच तर बसवता येईल. महत्त्वाचं हे की विक्रेत्याने ते आपणहून लिहिलं, आणि मशीनचा फोटोही न मागता लावला. पिवळेपणा तबकडीभर एकसारखा आहे, छपाई तीक्ष्ण आहे, काट्यांचा आणि तासखुणांचा रंग एकाच छटेने उतरलाय. सगळ्यांचं वय जुळतंय. फोटोवरून मी एवढंच म्हणू शकतो, पण एवढं तरी खात्रीने म्हणतो. त्याच्याकडून टाइमग्राफरचा आकडा आणि व्हिडिओ मागवा, आणि नऊ हजारांत सर्व्हिसिंगचा खर्च धरून हिशेब करा. जुन्या घड्याळाची खरी किंमत म्हणजे सांगितलेली किंमत अधिक एक सर्व्हिसिंग, कुणी काहीही दावा केला तरी. सर्व्हिसिंग उरलंय हे दाखवून हजार-पाचशे कमी करायला सांगण्यात गैर काही नाही.

किंमत वाढत जाईल हा दादांचा मुद्दा. त्या भरवशावर घेऊ नका. वर्षांनुवर्षं भाव चढलेल्या घड्याळांची नावं थोडी आहेत, आणि त्यातही मूळ तबकडी, न घासलेली केस, कधी कागदपत्रं असलेले नग. पुन्हा रंगवलेल्या तबकडीचं घड्याळ तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचाही हीच सगळी परीक्षा घेईल. बाबांना द्यायचं घड्याळ गुंतवणूक म्हणून मोजावं असं मला वाटत नाही, आणि तुमच्या पत्रातही तो मुद्दा दादांचा आहे, तुमचा नाही.

तुमच्या पत्रातला जो भाग मला पुन्हा वाचावासा वाटला तो वेगळा आहे. बाबा त्या घड्याळाबद्दल कधी बोलले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यांना त्याची हळहळ असणार हे धरून चालला आहात. असेलही. पण ते तुमच्यासाठी विकलं गेलं ही गोष्ट तुम्हाला आईकडून कळली, आणि तिचं ओझं तुमच्या बाजूला जास्त असण्याचीही शक्यता आहे. एखाद्या बापाला मुलीच्या शिक्षणासाठी घड्याळ दिलं याचं समाधान असतं, आणि ‘तुम्ही विकलंत ते मी परत आणलं’ या थाटात ते समोर आलं तर अवघडल्यासारखंही होतं. म्हणून देताना फीचा उल्लेख नको. आजोबांनी दिलं होतं तसं, एवढंच पुरे.

तसंच म्हणजे कसं, हे तरी नक्की माहीत आहे का? ‘सी चीफ’ या एका नावाखाली कंपनीने बरेच प्रकार काढले होते: तारखेचं, बिनतारखेचं, गोल, चौकोनीकडे झुकणारं. लग्नाचे फोटो काढा. नवऱ्या मुलाचा डावा हात त्यात कुठेतरी दिसतोच. आईला विचारा, रंग कोणता, आकडे होते की रेघा, पट्टा चामड्याचा की स्टीलचा. बाबांनाही सहज विषय काढून विचारता येईल, “तुमच्या काळात लग्नात कोणती घड्याळं द्यायचे हो?” एवढ्या प्रश्नावर माणसं अर्धा तास बोलतात. निळी तबकडी त्यांच्या घड्याळाला नव्हतीच असं कळलं, तर पहिल्या जाहिरातीचा विषय तिथेच मिटतो.

शिवाय त्यांची बोटं कशी आहेत? चावीच्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागते, आणि जुनी चावी तीन-चार मिलिमीटरची, गुळगुळीत झालेली. संधिवात असेल तर ते रोजचं दुखणं होईल. तसं असेल तर त्याच कंपनीचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, पाहा, किंवा चावी देण्याचं काम आईकडे किंवा नातवाकडे सोपवा. आकारही लक्षात असू द्या: त्या काळची पुरुषांची घड्याळं साधारण 33 ते 36 मिलिमीटरची. आजच्या मोठ्या तबकड्यांची सवय झालेल्या आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना चंदेरी तबकडीवर चंदेरी काटे दिसतात का, हाही प्रश्न खरा आहे. आणि ‘वॉटरप्रूफ’ असं काहीही कोरलेलं असलं तरी पाण्यापासून लांब. हात धुताना काढून ठेवायचं, हे देतानाच सांगा.

अशीच पत्रं मला सेइको आणि एचएमटीबद्दलही येतात, म्हणून दोन शब्द. जुन्या सेइको फाइव्हच्या झाकणावर मशीनचा आणि केसचा क्रमांक असतो, 7009 किंवा 6309 ने सुरू होणारा. तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांतही मशीनचा क्रमांक असतो. दोन्हींची सुरुवात जुळलीच पाहिजे. झाकणावरच्या सहा आकडी क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना. पहिला 8 असेल तर 1978 की 1988 हे मशीनच्या प्रकारावरून ठरवायचं. एचएमटीचा घड्याळ कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झाला आणि केंद्र सरकारने 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आज ‘नवीन, न वापरलेलं जनता’ किंवा ‘नवीन पायलट’ म्हणून जे दिसतं त्यात उरलेल्या सुट्या भागांतून जोडलेलं आणि नव्याने छापलेलं बरंच असतं. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या तबकड्या कंपनीने खरोखर काढल्या होत्या, पण म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. लाँजिन या स्विस कंपनीचं घड्याळ असेल तर कंपनी क्रमांकावरून जुन्या नोंदवह्यांतली माहिती देते. महागडं घड्याळ घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ती मागवावी.

पैशांचं. अनोळखी माणसाला थेट यूपीआय करू नका, पाचशे काय, हजार कमी करत असला तरी. ज्या संकेतस्थळावर वस्तू मिळेपर्यंत पैसे अडवून ठेवण्याची आणि परत करण्याची सोय आहे, तिथूनच घ्या, आणि परतीची मुदत किती दिवसांची ते आधी वाचा. दुसरा विक्रेता मुंबई-पुण्याचा असेल तर रजा टाकून समक्ष जाणं सर्वांत चांगलं. पार्सल आलं तर बंद पाकिटापासून घड्याळ हातात येईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. ‘तबकडी पुन्हा रंगवलेली नाही’ हे विक्रेत्याचं लेखी उत्तर जपून ठेवा. तक्रारीची वेळ आली तर तेच कामाला येतं. धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि हे सगळं करून, किंमत, परतीची अट, फोटो, सगळं समजून, एखाद्याला ती निळी तबकडीच आवडली, तर त्याने जरूर घ्यावी. रंगवलेलं म्हणून, रंगवलेल्याच्या भावात. घालायला छान दिसेल. मशीन गंजलेलं नाही एवढं मात्र पाहून घ्यावं.

तुम्ही आजच दुसऱ्या विक्रेत्याला लिहा: “तबकडी पुन्हा रंगवलेली आहे का? टाइमग्राफरचा फोटो आणि नाव-तारखेच्या कागदासह व्हिडिओ मिळेल का? मशीन कंपनीचंच आहे का? परत करायचं झालं तर किती दिवसांत?” उत्तरं पटली तर घ्या, आणि नाशकात यांत्रिक घड्याळांवर काम करणारा, टाइमग्राफर बाळगणारा घड्याळजी आत्तापासूनच शोधून ठेवा. त्याला दोन सूचना द्या: तबकडीला हात लावायचा नाही, केसला पॉलिश करायचं नाही. फक्त मशीन, काच आणि रबरी रिंग. त्याला तीन आठवडे तरी लागतील असं धरून पंचाहत्तरीच्या तारखेपासून मागे मोजा. पट्टा मात्र नवा घ्या. पट्टा अडकतो त्या घड्याळाच्या दोन पायांमधलं अंतर मोजून घ्या, बहुधा 18 मिलिमीटर भरेल, आणि लग्नाच्या फोटोत दिसला असेल त्याच रंगाचा घ्या.